रंगनाथचं जड स्टेरिंग

रंगा, परवा तुझी पिकप गॅरेजवर आली. स्टेरिंगवर तू नव्हतास. तुझा धाकटा भाऊ ज्ञानबा होता आणि त्याच्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. गाडी लांबून दिसली तशी सवयीने माझ्या तोंडात शिवी आली, आला हा पुन्हा स्टेरिंग जड झालं म्हणत. मग लक्षात आलं. तुझ्या तेराव्याला मी स्वतः पंगतीत बसून जेवून आलोय, पण जिभेला अजून ते पटलेलं दिसत नाही.

थकवा आलाय यार. बदनापुरात गॅरेज टाकल्यापासून एवढा थकवा कधी आला नव्हता. पाना उचलला की ठेवून द्यावासा वाटतो. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगत असतं, मी मान हलवतो आणि त्यातलं अर्धंच ऐकतो. लोक येतात, तुझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलतात, चहा पितात, जातात. मला तसं गोड बोलता येत नाही. तू हट्टी होतास, दुसऱ्याचं ऐकायची तुला सवय नव्हती आणि माझं तर मुळीच नव्हती. पण काल जे घडलं ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर सगळंच फुकट जाईल. म्हणून हे लिहितोय.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा शेजारच्या सीटवर मेंढीचं कोकरू बसलेलं होतं. पोत्यावर, चांगलं ऐटीत. मी विचारलं, "हे कोण?" तर म्हणालास, "किलीनर हाय आपला. बोलत न्हाई, पगार मागत न्हाई." तुझ्या चुलत्याचा कळप जाफराबादच्या बाजूला बसला होता, त्यातलं ते लंगडं कोकरू तू दवाखान्यात दाखवून परत पोचवायला चालला होतास. भाडं कुणाकडून घ्यायचं, असं मी म्हटलं तर तुला राग आला. तुमच्या घरात सगळ्यांनी मेंढरांमागे पाय झिजवले, तू एकटा टायर झिजवायला लागलास. सोयाबीनची पोती भरून जुन्या जालन्यातल्या अडतीवर जायचं, येताना किराणा आणायचा, मधे कुणाचं आजारी जनावर, कुणाच्या लग्नाची भांडी. आणि जाता-येता माझ्या दारात दोनदा हॉर्न. मी गाडीखाली असलो तर पाय हलवून उत्तर द्यायचो. माझ्या बायकोला वाटायचं, नवरा गाडीखाली आडवा पडून एकटाच पाय का हलवतो.

तुझ्या त्या पोळ्यावर मी अजून चिडलेलोच आहे, हे तुला सांगून ठेवतो.

घरचे बैल गेले म्हणून पोळा सोडायचा नाही, हे तू आपल्या मनानेच ठरवलंस. पिकपलाच सजवलीस. बॉनेटवर बाशिंग बांधलंस, टपावर झूल टाकलीस, आरशांना गोंडे लावलेस. वहिनींनी बंपरपुढे उभं राहून ओवाळलं, पुरणपोळीचा निवद दाखवला. तिथवर मलाही आवडलं. पण नंतर तू ती गाडी बैलांच्या रांगेत घातलीस आणि तोरणाखालून नेऊन मारुतीच्या देवळाला फेरे मारायला लागलास. देवळाभोवतीची बोळ केवढी, तुझी गाडी केवढी. वळताना स्टेरिंग फुल कट. पुढचा बैल थांबला की तूही थांबायचास, आणि स्टेरिंग तसंच शेवटपर्यंत ओढून धरून ठेवायचास. इंजिन चालू, चाकं वाकडी, जागच्या जागी. मग स्टेरिंगचा पंप ओरडायला लागला. घूं घूं करून. आणि तुम्ही लोक टाळ्या वाजवायला लागलात. "गाडी हंबरली!" म्हणे. तुला एवढा आनंद झाला की पुढच्या वळणावर तू मुद्दाम धरून ठेवलंस, ती अजून एकदा हंबरावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाशिंगासकट गाडी माझ्या दारात. स्टेरिंग ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर जळका वास. ऑइल काळंकुट्ट. मी तुला झापलं. म्हटलं, "फुल कट धरून ठेवलं की पंपानं ऑइल ढकलायचं कुठं? ते आतल्या आत फिरतं आन जळतं. चाक जरासं मागं सोडायचं असतं." तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पन हंबरली का न्हाई?"

ते काम करायला आपल्याला अख्खी दुपार लागली. जळकं ऑइल काढून टाकलं, गळका पाइप बदलला, ढिला बेल्ट ताणला, नवीन ऑइल भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलली आणि तुला आत बसवलं. सिस्टिममध्ये हवा राहिली की स्टेरिंग कुरकुरतं, ती काढायला स्टेरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं लागतं. तू फिरवत होतास, मी डबीतले बुडबुडे बघत होतो. मधे मधे ऑइल टाकत होतो. तू आत बसून तुझ्या आज्याच्या गोष्टी सांगत होतास, कळप घेऊन कुठं कुठं गेल्ता, कुठल्या गावात कुत्री मागे लागली. शेवटी बुडबुडे यायचे थांबले. मला त्या दुपारची आठवण फार येते. काम साधंच होतं, दोन माणसं लागतात एवढंच. आता जॅक लावला की आत बसायला कुणालातरी हाक मारावी लागते, आणि ते भराभरा फिरवतात.

गाडी लोण्यासारखी झाली होती. तूच म्हणालास, एका बोटावर फिरते.

संक्रांत झाली आणि तुझं सुरू झालं. "मिस्त्री, स्टेरिंग जड झालं." मी म्हटलं पोळ्याचं काहीतरी राहिलं असेल. टायरांची हवा बघितली, कमी हवेनं स्टेरिंग ओढतं. हवा बरोबर. इंजिन बंद करून, चाकं सरळ ठेवून ऑइल बघितलं, खुणेवर होतं, स्वच्छ होतं. बेल्ट घट्ट. खालचे सांधे हलवून बघितले, ग्रीस मारलं. मग मी स्वतः गाडी घेऊन रेल्वे स्टेशनपर्यंत गेलो आणि आलो. फक्कड होती. तू म्हणालास, "रिकामी चालवतो तू. भरून बघ." दुसऱ्या दिवशी पोती भरलेली गाडी घेऊन आलास. मी भरलेलीही फिरवून आणली. काही नाही.

"बराबर हाय, रंगा."

"तुला बराबर वाटंल. चालवायला मला लागती. हात पार भरून येऊन राह्यला. हा, डावा. खांद्यापासून."

"मंग उभ्या गाडीत स्टेरिंग ओढायचं बंद कर. गाडी जराशी हलू दे, मंग फिरव."

"तेच करून राह्यलो ना बाबा."

असं किती वेळा झालं. तू यायचास, मी बॉनेट उघडायचो, काही सापडायचं नाही, तू चिडायचास. मग तू जुन्या जालन्यातल्या एका गॅरेजवर गेलास. मला कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण तसं दाखवलं नाही. तिथे त्यांनी स्टेरिंग चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे एंड नवे टाकले. चार दिवस तू खुशीत होतास, दोनदाच्या जागी तीनदा हॉर्न वाजवायचास, मुद्दाम. आणि मग पुन्हा माझ्याच दारात. गाडीतून उतरलास तेव्हा कपाळावर घाम होता. मी म्हटलं ऊन वाढलंय.

त्या दिवशीचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं गाडीत काही नाही. तू म्हणालास, "मंग काय माझा हातच बाद झाला का?" मी म्हटलं, "दाखव इकडं, त्यालाबी ग्रीस मारतो." तू डावा हात पुढे केलास. मी खरंच बोटावर ग्रीस घेऊन तुझ्या मनगटाला लावलं. तू ते माझ्या शर्टाला पुसलंस. हसून हसून आपण बेजार झालो. तो शर्ट अजून खुंटीला आहे, डाग गेलेला नाही.

हसू थांबल्यावर तू एकदम बारीक आवाजात म्हणालास, "मिस्त्री, एकदा तरी म्हण ना, रंगा तुझं बराबर हाय म्हणून. तुझं काय जातंय?"

"न्हाई म्हणणार. नसलेली खोट हाय कशी म्हणू? माझ्या कामाला काय अर्थ राहील मंग?"

"लई मोठा तुझा अर्थ," असं म्हणून तू निघून गेलास. नंतर अबोला धरलास, पण हॉर्न काही थांबला नाही. मीही पाय हलवत राहिलो. भांडण मिटवायला आपल्याला कधी घाई नव्हती, कारण पुढच्या फेरीला तू येणारच होतास.

तुला कळलं होतं का रे? मी यावर फार विचार केलाय आणि काही ठरत नाही. कधी वाटतं तुला आतून माहीत होतं की दुखणं गाडीचं नाही, म्हणूनच तू गाडीच्या मागे लागला होतास. गाडीचं दुखणं निघालं असतं तर तुझं निघालं नसतं. कधी वाटतं, छे, एवढा खोल विचार करणारा तू नव्हतास. हात भरून येतो, दिवसभर हातात स्टेरिंग असतं, मग स्टेरिंगच जड असणार. ड्रायव्हर माणूस दुसरं काय समजणार. मी तरी दुसरं काय समजलो. गाडी आली की मला गाडीच दिसते.

आणि जाताना काय केलंस ते बघ. जाफराबादच्या रस्त्याला छातीतली कळ तुला असह्य झाली तेव्हा तू गाडी रस्त्याच्या कडेला घेतलीस, हँडब्रेक ओढलास आणि चाकं सरळ केलीस. मी तिथे गेल्तो तेव्हा गाडी तशीच उभी होती. पुढची दोन्ही चाकं सरळ रेषेत. किती वर्षं तुझ्या कानीकपाळी ओरडलो होतो, वाकड्या चाकावर गाडी उभी करत जाऊ नको, चाकं सरळ करून सोड. कधी ऐकलं नव्हतंस. त्या दिवशी मी चाकांकडे बघितलं आणि तिथेच खाली बसलो. लोकांना वाटलं चक्कर आली.

तर परवा वहिनी आल्या. ज्ञानबाला त्यांनी चहा सांगायला पाठवलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, गाडी इकायची न्हाई. ज्ञानबा चालवंल. पन मला एक सांगा. डॉक्टरनं मला इचारलं, आधी हात दुखत व्हता का त्यांचा? मी म्हनलं, व्हता, गाडीचं स्टेरिंग जड हाय म्हणून. तर डॉक्टर काय बोललाच न्हाई. नुसता बघत राह्यला माझ्याकडं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"रोज संध्याकाळी तेल कोमट करून चोळत व्हते मी त्यांचा हात. म्हनायचे, जरा वर चोळ, स्टेरिंगनं भरून आलाय. भाऊजी, गाडीत खोट व्हती का न्हाई? व्हती तर तसं सांगा. नव्हती तर तसं सांगा. मंग मीच हातानं चोळत बसले आन दवाखान्यात नेलं न्हाई, असं व्हईल. व्हईल तर व्हऊ द्या. पन मला झोप न्हाई लागत."

रंगा, माझ्याकडे उत्तर तयार होतं. तेच उत्तर मी तुला वर्षभर देत आलो होतो. ते मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "गाडी ठेवून जा वहिनी. नीट बघतो. उद्या सांगतो."

ते लोक रिक्षाने गेले आणि मी गाडी आत घेतली. एवढी वर्षं गाड्या उघडतोय, पण एखादी खोट सापडावी म्हणून पहिल्यांदाच उघडली. मनात म्हणत होतो, काहीतरी निघू दे. पंपाला कान लावला, ओरडत नव्हता. ऑइल बोटावर घेऊन वास घेतला, चांगलं होतं. बेल्टला चीर नाही. पाइप कोरडा. चाकं जॅकवर उचलली, आत बसलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडकत नव्हतं. एका बोटावर फिरत होतं, तू म्हणाला होतास तसंच. डबीत एकसुद्धा बुडबुडा नव्हता.

मी तसाच तुझ्या सीटवर बसून राहिलो. आपल्या भांडणात माझंच बरोबर होतं, हे आता कुणाला विचारायची गरज उरली नव्हती. असं जिंकणं दुश्मनालाही नको. तुझ्या सीटच्या कापडाला मेंढरांचा वास अजून येतो, आणि समोर पोळ्याचा एक गोंडा आरशाला तसाच लटकलेला आहे. तुझ्यावर राग आला, खूप आला. दोन्ही गॅरेजं फिरलास, एकदा दवाखान्याची पायरी चढला असतास तर काय बिघडलं असतं. मग राग गेला आणि नुसता थकवा उरला.

काल दुपारी वहिनी आणि ज्ञानबा आले. मी हात पुसत बाहेर आलो आणि म्हटलं, "पंप गेल्ता वहिनी. आतून झिजला व्हता. वरून कळत न्हाई. भरलेली गाडी लांब चालली, ऑइल तापलं, की मंग जड व्हायचं. मी थोडं अंतर फिरवून बघायचो, म्हणून माझ्या ध्यानात आलं न्हाई. आता नवा टाकला."

ज्ञानबा म्हणाला, "म्हंजे दादा म्हनत व्हता ते खरं निघालं. आन तुम्ही वर्षभर बराबर हाय, बराबर हाय करत राह्यले."

"हो."

वहिनींनी दार उघडलं आणि त्या तुझ्या सीटवर बसल्या. गाडी चालू करायला सांगितली. मग त्यांनी स्टेरिंग धरलं आणि डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. हळूहळू, कुणी शिकवल्यासारखं. तू घरी त्यांना काय काय सांगायचास कुणास ठाऊक. "हलकं हाय," त्या म्हणाल्या. गाडी बंद करायला लावून त्या खाली उतरल्या आणि उघड्या बॉनेटपाशी आल्या.

"कोंचा पंप, भाऊजी?"

मी दाखवला. त्यांनी हात घालून त्यावर बोट फिरवलं. बोटाला जुनी काळी काजळी लागली, वर्षानुवर्षांची. नव्या पंपाला अशी काजळी नसते, हे कुणालाही कळतं. वहिनींनी बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघायला पाहिजे होतं, पण जमलं नाही. त्यांनी पदराच्या टोकाला बोट पुसलं.

"मंग त्यांचंच बराबर व्हतं म्हना की."

"त्याचंच बराबर व्हतं, वहिनी."

"हात गाडीमुळंच दुखत व्हता."

"गाडीमुळंच."

त्या बॉनेटपासून मागे सरकल्या. मग म्हणाल्या, "तेल लावल्यावर बरं वाटायचं त्यांना. झोपून जायचे." मी मान हलवली. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ज्ञानबाला म्हणाल्या, "चल, भाऊजींचा खोळंबा नको."

निघताना मी ज्ञानबाला बजावलं की पोळ्याला गाडी काढलीस तर फुल कट धरून ठेवायचं नाही, चाक जरासं मागे सोडायचं. तो हो म्हणाला. तोंडावरून ऐकेल असं दिसत नव्हतं, तुझाच भाऊ आहे.

आज सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, रंगनाथच्या गाडीचा पंप तुम्हाला वर्षभर घावला न्हाई म्हनं?" म्हणजे ज्ञानबाने पारावर सांगून झालेलं आहे. दोघं-तिघं अजून विचारतील. एखादा आपली गाडी दुसरीकडे नेईल. स्टेरिंगच्या कामात माझं नाव होतं, तू स्वतःच चार गावांत करून ठेवलं होतंस. मी त्याला म्हटलं, "हो, माझ्याकडून राहिलं," आणि त्याच्या गाडीखाली शिरलो. रस्त्यावरून कुठल्यातरी पिकपने हॉर्न दिला. माझे पाय आपोआप हलले.

तू विचारलं होतंस ना, एकदा म्हण, तुझं काय जातंय. गेलं थोडंफार. पण म्हटलं, रंगा.